पुढचं बेट तयार होत आहे

शिओमी तोकुजी आळशी नाही, हे आधीच सांगून टाकते. पुढे मी त्याच्याबद्दल जे बोलणार आहे ते ऐकून कोणाचाही तसा समज होईल, आणि तो चुकीचा असेल. कुरे बंदराच्या धक्क्यावर एताजिमा बेटाची बोट लागते, तिथे दोर झेलून खुंटाला बांधायचं त्याचं काम. पाऊस असो की वादळाचा इशारा, बोट दिसायच्या आधी शिओमी खुंटाशेजारी उभा. त्याच्या हातून कधी दोर सुटल्याचं मी ऐकलेलं नाही. माझ्या दुकानात जेवायला बसला की कोबीचा शेवटचा करपलेला तुकडासुद्धा उलथन्याने खरवडून खातो. घरी म्हातारी आई आहे, तिचं औषधपाणी कधी चुकवत नाही. हातात घेतलेलं प्रत्येक काम तो तडीला नेतो. एक सोडून.

त्या एका कामाशी माझ्या धाकट्या भावाचा जीव बांधलेला होता. म्हणून मला सांगायचंय.

माझं दुकान स्टेशनमागच्या गल्लीत. खाली लांब तवा आणि त्याच्यासमोर ओळीने स्टुलं, गिऱ्हाइकं तव्यावरूनच उलथन्याने खातात. वर चटयांची एक खोली. नवरा होता तोवर आम्ही वर राहायचो. तो गेल्यावर मी तव्यामागच्या खोलीत आले आणि वरची खोली माझ्या भावाने, कुनिहिकोने, मागून घेतली. "ताई, महिन्यातून एकच शनिवार. चार-सहा जणं बसू. आवाज करणार नाही," म्हणाला. आवाज त्यांनी केलाच. टाळ्यांचा.

ही सगळी नोकरीधंद्याची माणसं. एक नर्स, एक टपालवाला, धक्क्यावरचा शिओमी, कुनिहिको स्वतः विजेच्या सामानाच्या दुकानात. सुट्टीच्या दिवशी घरी बसून कॉम्प्युटरवर गेम बनवायचे. वर्षातून दोनदा हिरोशिमाच्या एका हॉलमध्ये अशा हौशी लोकांची जत्रा भरते. तिथे टेबल मांडायचं, बनवलेलं लोकांच्या हातात द्यायचं, आणि संध्याकाळी माझ्याकडे येऊन बिअर प्यायची. मंडळाचं नाव 'गोगलगाय'. मी म्हटलं, निदान नाव तरी प्रामाणिक ठेवलंत.

मंडळाचे प्रमुख तोकुनागा-सान. नगर वाचनालयात काम करतात. इतके सौम्य, की तव्याचा चटका बसला तर तव्याचीच माफी मागतील. त्यांनी मंडळाला एक नियम घालून दिला होता. शनिवारी प्रत्येकाला विचारायचं, "कुठवर आलं?" त्याने सांगायचं, आणि बाकीच्यांनी टाळ्या वाजवायच्या. थोडं झालं असलं तरी टाळ्या, काहीच झालं नसलं तर "आलास हेच खूप" म्हणून टाळ्या. पण "कधी होणार?" हा प्रश्न कोणी कोणाला विचारायचा नाही. कधीच नाही.

हा नियम उगाच आलेला नव्हता. पूर्वी मंडळात एक लाजरा पोरगा होता. जत्रेत कोणीतरी परका माणूस त्याच्या टेबलाशी थांबून हसत म्हणाला, "अजून तुमचं भिजत घोंगडंच का?" पोरगा तिथेच टेबल आवरून निघाला तो परत कुठे दिसलाच नाही. तेव्हापासून हा नियम. आणि खोटं कशाला बोलू, नियमाने कामंही झाली. नर्सबाईंनी रात्रपाळ्या करून अळंब्या गोळा करायचा एक छोटासा गेम पुरा केला, त्या दिवशी वर सगळे रडले आणि मी बिअरचे पैसे घेतले नाहीत. टाळ्यांनी माणूस उभा राहतो. बसतोही, हे मला पुढे कळलं.

शिओमीचा गेम बोटीचा होता. दुसरं काय सुचणार त्याला? दिवसातली शेवटची बोट, तुम्ही तिचे कप्तान. धक्क्यावरून माणसं चढतात आणि एकेका बेटावर एकेकाला उतरवत जायचं. उतरण्याआधी प्रत्येकजण आपलं काहीतरी सांगतो. कोणाचं संत्र्यांच्या मळ्याचं भांडण, कोणाचा मुलगा ओसाकाला गेलेला. सगळी उतरतात, आणि मागे एक म्हातारी राहते. तिला आपलं बेट कुठलं ते आठवत नाही. इथवर गेम होता. मला कॉम्प्युटरमधलं काही कळत नाही, पण एकदा शिओमीने माझ्या तव्याशेजारी मशीन ठेवून दाखवला, तर माझा ऑम्लेटचा थर करपला. तेवढा तो चांगला होता, हे कबूल करते.

त्यातलं संगीत कुनिहिकोचं. लहानपणी त्याला शाळेतल्या ऑर्गनवरून ओढून घरी आणावं लागायचं. मोठेपणी एक जुना कीबोर्ड घेतला, कानाला हेडफोन लावून बसायचा, बाहेर फक्त बोटांची टकटक. शिओमीने त्याला एकेक बेट दाखवलं, आणि त्याने एकेका बेटाची धून केली. गेममध्ये बोट बेटाच्या जवळ जाते तशी धून हळूच वर येते, लांब जाते तशी विरते. ते त्या दोघांनीच बसवलं होतं. राहिली होती एकच धून, शेवटची, म्हातारीच्या बेटाची.

"शेवट दाखव, शेवटचं वाजवतो," कुनिहिको म्हणायचा.

"दाखवतो," शिओमी म्हणायचा. "संत्र्यांच्या बेटावरचा प्रकाश जरा नीट करतो, मग दाखवतोच."

मग प्रकाश नीट व्हायचा आणि धक्क्यावरच्या मांजरीची शेपटी बिघडायची. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं. वर्षामागून वर्षं गेली. दर जत्रेला टेबलावर त्यांचा डेमो असायचा, पहिली काही बेटं, आणि नंतर पडद्यावर पाटी यायची. डेमो इथवरच. पुढचं बेट तयार होत आहे. थोडी वाट पाहावी. तिथेही नियम एकच. राखाडी कोट घातलेला एक गृहस्थ दर खेपेला यायचा, डेमो घ्यायचा, वाकून म्हणायचा, "वाट बघतो." शिओमीचे कान लाल व्हायचे. त्या दोन शब्दांवर तो पुढचे सहा महिने काढायचा.

डोंगर खचून आमची रेल्वे बंद पडली, त्याच्या आदल्या वर्षीची गोष्ट. जूनमध्ये कुनिहिकोचं पोट दुखायला लागलं. स्वादुपिंडाचा कॅन्सर निघाला, तोही सगळीकडे पसरलेला. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की नव्या वर्षाची आशा धरू नका. त्यांनी त्यालाही सांगितलं, कारण त्याने सरळ विचारलं. कधी, हे विचारायला तो घाबरला नाही.

त्या शनिवारी तो जिना चढून वर गेला आणि स्वतःच मंडळाला सांगितलं. मी बिअरचा ट्रे घेऊन दाराशी होते. तोकुनागा-सान नेहमीप्रमाणे म्हणाले होते, "कुनिहिको-सान, तुमचं कुठवर आलं?"

"माझं जवळजवळ आटपलंच," तो म्हणाला. आणि मग आजाराचं सांगितलं. तोच हसून म्हणाला, "अरे, चेहरे कसले पाडता? एक धून राहिलीय. तेवढी करून जाईन म्हणतो. शिओमी, ऐकतोयस ना? ती म्हातारी उतरव बाबा आता."

शिओमीने मान खाली घातली होती. त्याचे दोन्ही हात चटईवर होते, दोराने घट्टे पडलेले. त्याने फक्त एकदा मान हलवली. मला वाटलं, चला, आता होईल. माणसाच्या मानेवर सुरी आली की तो धावतो. नाहीतरी उरलं होतं काय? एक म्हातारी, एक बेट.

पुढच्या महिन्यात शिओमी वर आला तो डोळे सुजलेले, गालफडं बसलेली. त्याने बसल्या बसल्या जाहीर केलं की गेम तो पहिल्यापासून नव्याने बनवणार आहे.

"जुनं सॉफ्टवेअर फार जुनं झालंय," तो म्हणाला. "त्यात कुनिहिको-सानची धून फुटकी वाजते. खरखरते. पाणी तर पाणी वाटतच नाही, निळा कागद वाटतो. अशा पाण्यावर मी त्यांची शेवटची धून वाजू देणार नाही. नवीन सॉफ्टवेअर घेतलंय. सगळं पुन्हा, शून्यापासून. मागे वळायचा मोह नको म्हणून जुना कॉम्प्युटर भंगारात देऊन टाकलाय." आणि त्याने कपाळ चटईला टेकवलं. "जीव ओतून करीन."

आणि त्यांनी टाळ्या वाजवल्या! नर्सबाई डोळे पुसत टाळ्या वाजवत होत्या. तोकुनागा-सान म्हणाले, "केवढं धैर्य." माझ्या हातात बशा होत्या म्हणून माझी टाळी राहिली, नाहीतर मीही वाजवली असती, कारण मला तेव्हा कळलंच नाही की घर छपरापर्यंत आणून हा माणूस पुन्हा पायाच खणायला निघालाय. मी कुनिहिकोकडे बघितलं. तो सगळ्यांत जोराने टाळ्या वाजवत होता.

खाली आल्यावर मी त्याला पेजेसारखं पातळ काहीतरी करून दिलं आणि विचारलं, "कुनी, झालेलं टाकून पुन्हा पहिल्यापासून म्हणजे काय रे? किती दिवस लागतील?"

"लागतील."

"मग तू टाळ्या कसल्या पिटत होतास? सांगायचं ना, बाबा रे, फुटकं तर फुटकं, आहे ते पुरं कर!"

त्याने चमचा खाली ठेवला. "ताई, मी मरतोय म्हटल्यावर त्याने मला काय द्यावं? त्याला येतं तेच देणार ना. त्याला सुरुवात करता येते. त्याच्याकडची सगळ्यांत मोठी वस्तू आणून ठेवली त्याने माझ्यासमोर. ती नको म्हणू?"

"हो, म्हण! नको म्हण!"

"नाही जमत गं," तो म्हणाला आणि चमचा पुन्हा उचलला. दोनच घास गेले.

उन्हाळा गेला. कुनिहिको इस्पितळात गेला, परत आला, पुन्हा गेला. मंडळाच्या लोकांनी काही कमी केलं नाही, उलट फारच केलं. टपालवाल्याने बेटांवरची घरं काढून दिली, नर्सबाईंनी प्रवाशांचे चेहरे काढले. ते इतके छान आले की शिओमीची बोट त्यांच्यापुढे भिकारी दिसायला लागली. मग बोट पुन्हा. बोट झाली तर धक्का जुनाट वाटायला लागला. दर बैठकीला "कुठवर आलं?" आणि दर बैठकीला टाळ्या. जिन्यावरून तो आवाज खाली यायचा आणि मी तव्यावर कोबी अशी दाबायचे की गिऱ्हाइकं घाबरून बघायची.

ऑक्टोबरात एक दिवस माझ्याने राहवलं नाही. दुकान उघडायच्या आधी मी धक्क्यावर गेले. एताजिमाची बोट यायला थोडा वेळ होता. शिओमी खुंटाशेजारी उभा होता. मला बघून कमरेत वाकला.

"शिओमी, कधी?" मी विचारलं.

पंधरावीस वर्षांत त्याला हा प्रश्न कोणी विचारला नसेल. तो इतका दचकला की हातमोजा खाली पडला.

"मावशी... पाणी जवळजवळ झालंय. लाटेवर उजेड पडतो ना, तो..."

"पाणी गेलं खड्ड्यात! मी पाण्याचं विचारलं का? नमनालाच घडाभर तेल घालतोयस तू. त्याच्याकडे नवं वर्ष नाहीये रे, माहितीय ना तुला?"

"माहितीय."

"मग? जुन्यालाच शेवट जोडायचा होता ना! जुनं कुठेय?"

"नाहीये. टाकलं. धीर यावा म्हणून टाकलं."

"कसला धीर आला?"

त्याने वाकून हातमोजा उचलला. मी जरा शांत होऊन म्हटलं, "बरं, ऐक. गेम राहू दे. शेवट काय आहे तेवढं तोंडी सांग त्याला. म्हातारी कुठे उतरते, बेट कसं आहे, झाडं आहेत, दिवा आहे, कोण न्यायला आलंय. तेवढ्यावर करील तो धून. बोटं अजून चालतात त्याची. आजच ये संध्याकाळी."

शिओमी पाण्याकडे बघत राहिला. मग अगदी हळू म्हणाला, "मला ठाऊक नाही, मावशी."

"काय ठाऊक नाही?"

"शेवट. ती कुठे उतरते ते. मला कधीच ठाऊक नव्हतं. वाटायचं, बनवता बनवता कळेल. सगळं नीट जमलं, प्रकाश, पाणी सगळं बरोबर झालं, की तिचं बेट आपोआप दिसेल."

मी कपाळावर हात मारून घेतला. खरंच मारला, चाललेली माणसं वळून बघायला लागली. इतक्या वर्षांच्या टाळ्या, इतकी "वाट बघतो", आणि आत काही नव्हतंच. मला त्याला पाण्यात ढकलावंसं वाटलं. आणि तो तर असा उभा होता की ढकललं असतं तर गेलाही असता.

"मावशी, तुम्ही सांगाल?" तो म्हणाला. "कुठे उतरावं तिने?"

"मी तवा तापवणारी बाई! मला काय विचारतोस? घरी उतरव तिला. माणसं घरी उतरतात!"

"पण तिचं घर कुठलं..."

बोटीचा भोंगा वाजला. तो धावला, दोर झेलला, खुंटाला बांधला. एकही वेढा चुकला नाही. माणसं भराभरा उतरून आपापल्या घरी गेली.

मी ते कुनिहिकोला सांगितलं नाही. कसं सांगणार? इस्पितळात त्याच्या उशाशी तो जुना कीबोर्ड आणून ठेवला होता. मी म्हटलं, "कुनी, तू तुझ्या मनाने वाजवून ठेव ना एक. शेवट बघायलाच हवा असं कुठेय?"

"ताई, न बघितलेल्या बेटाची धून कशी करू?"

"करून तर बघ. माझ्यासाठी."

माझ्यासाठी म्हणून त्याने कीबोर्ड मांडीवर घेतला. हेडफोन लावला नाही, मला ऐकू यावं म्हणून. चारदोन सूर वाजवले आणि थांबला. "नाही. हे दुसऱ्या बेटाचं झालं." पुन्हा वाजवले. "हे तर संत्र्यांचं." मग तो दमला. मी कीबोर्ड उचलून खाली ठेवला. त्यानंतर तो पुन्हा मांडीवर आला नाही.

नोव्हेंबरच्या शेवटी, एका दुपारी, सगळं मंडळ इस्पितळात आलं. शिओमीच्या काखेत लॅपटॉप होता. तोकुनागा-सान मला बाजूला घेऊन पुटपुटले, "दाखवण्यासारखं झालंय म्हणतात." मला वाटलं, झालं असेल. माणूस वेडा असतो, त्याला वाटतं. मी स्वतः धक्क्यावर सगळं ऐकून आले होते तरी वाटलं की बसला असेल हा, माझ्या शिव्या मनाला लागल्या असतील, कुठलं का होईना एक बेट काढून म्हातारीला उतरवलं असेल. मी कुनिहिकोच्या पाठीमागे उश्या लावल्या. त्याचं वजन तोवर राहिलेलं नव्हतं. पडदे ओढले, मशीन त्याच्या पोटावरच्या टेबलावर ठेवलं.

पाणी आलं. काय सांगू, ते पाणी खरं होतं. आमच्या समुद्राचं पाणी संध्याकाळी असतं तसं, मळकट, मध्येच सोनेरी. बोट धक्क्यावरून सुटली तशी दोराची टोकं पाण्यात पडली आणि थेंब उडाले. नर्सबाईंनी काढलेले प्रवासी बाकावर बसले होते, म्हातारी सगळ्यांत मागे, मांडीवर गाठोडं. पहिलं बेट जवळ आलं आणि कुनिहिकोची धून वर आली. एक खरखर नाही. इतकी स्वच्छ ती त्यानेही कधी ऐकली नसेल. त्याने डोळे मिटले, पुन्हा उघडले. संत्रेवाला उतरला, हात हलवला. बोट वळली, धून विरली, पुढे दुसऱ्या बेटाची काळी रेघ दिसायला लागली.

आणि पडद्यावर पाटी आली.

डेमो इथवरच. पुढचं बेट तयार होत आहे. थोडी वाट पाहावी.

शिओमी ती काढायलाच विसरला होता की त्याने मुद्दाम लावली होती, मी कधी विचारलं नाही. सवय, दुसरं काय. इतकी वर्षं प्रत्येक कामाच्या शेवटी त्याने तीच पाटी लावली होती, हात आपोआप तिकडेच गेला असणार. पाटी वाचल्यावर त्याचा स्वतःचा चेहरा पांढरा पडला.

कुनिहिकोने चादरीतून हात बाहेर काढले. एका हाताला सुई होती. त्याने दोन्ही हात एकमेकांपाशी आणले आणि टाळ्या वाजवल्या. आवाज काही आला नाही, हाडांचा आला असेल. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. मग तोकुनागा-साननी वाजवल्या, मग सगळ्यांनी. इस्पितळ आहे म्हणून हळू.

"पाणी छान हलतंय रे," कुनिहिको म्हणाला. आणि शिओमीकडे बघून, नीट मान वाकवून, जत्रेतला तो कोटवाला म्हणायचा तसं म्हणाला, "वाट बघतो."

मी बाहेर पडले. जिन्यात जाऊन भिंतीला डोकं लावून रडले. मला त्या सगळ्यांचा राग आला, त्यांच्या नियमाचा, त्यांच्या चांगुलपणाचा, आणि सगळ्यांत जास्त माझ्या भावाचा. मरतानाही ह्याला खरं बोलता आलं नाही. एकदा तरी ओरडायचं होतं ना त्याच्यावर!

डिसेंबर अर्धा झाला नाही तोच तो गेला. कीबोर्ड पलंगाखाली होता.

आमच्याकडे मृत्यूनंतर एकोणपन्नासाव्या दिवशी असतात ते विधी आटोपले. त्यानंतर मी दुकान उघडलं, त्या दुपारी शिओमी एकटाच आला. मंडळाचं वर बसणं मी बंद केलं नव्हतं, पण तो येत नव्हता. शेवटच्या स्टुलावर बसला. मी पोळी पसरली, कोबी घातला, नूडल्स, डुकराचं मांस, अंडं, आमच्याकडच्या पद्धतीने अर्धी दुमडली आणि त्याच्यापुढे सरकवली. तो जेवला. अर्धं जेवला आणि उलथनं खाली ठेवलं. शिओमीने तव्यावर अन्न टाकलेलं मी पहिल्यांदा पाहिलं.

"मावशी, मी बंद केलं," तो म्हणाला.

मी समजले. वर्षापूर्वी हे ऐकून मी म्हटलं असतं, सुटलास, आईकडे लक्ष दे, लग्नबिग्न कर. पण तेव्हा माझ्या मनात एकदम आलं की आता ती बोट कुठेच सुटणार नाही. कुनीच्या धुनी त्याच्या कॉम्प्युटरमध्ये आहेत, मला मंडळाच्या पोरांनी काढून दिल्यात. मी लावून बघितल्या. नुसत्या वाजतात. बेट जवळ आलं म्हणून वर येत नाहीत, लांब गेलं म्हणून विरत नाहीत. सुरू होतात आणि संपतात. त्या बोटीवरच त्या त्याच्या आहेत. आणि ती बोट ह्या एका माणसाच्या हातात आहे, ज्याला शेवट माहीत नाही, कधी माहीत होणारही नाही. हे मला त्या क्षणी स्वच्छ दिसलं. गेम पुरा होणार नाही. माझ्या हयातीत नाही, त्याच्याही नाही.

माझ्या तोंडात त्याच्यासाठी किती शिव्या साठल्या होत्या! त्यांतली एकही बाहेर पडेना.

"कुठवर आलं होतं?" मी विचारलं.

त्याने मान वर केली. त्याला वाटलं मी टोमणा मारतेय. मी मारत नव्हते.

"दुसऱ्या बेटाच्या अलीकडे," तो म्हणाला.

माझे हात पिठाने भरले होते. मी ते पुसले नाहीत. तव्याच्या अलीकडे उभी राहून टाळ्या वाजवल्या. रिकाम्या दुकानात एकटीच्या टाळ्या फार वाईट ऐकू येतात. पीठ उडून तव्यावर पडलं आणि करपलं. शिओमी तोंड दाबून रडायला लागला, आणि मी वाजवतच राहिले, कारण थांबले असते तर काय बोलायचं होतं ते मला ठाऊक नव्हतं.

"वाट बघते," मी म्हटलं.

तो परत यायला लागला आहे. शनिवारी वर जातो, इतर दिवशी खाली बसतो. तव्यावरचं सगळं संपवतो. मी कधी, हे विचारत नाही. काल विचारलं, कुठवर आलं. दुसऱ्या बेटाच्या अलीकडेच आहे अजून. लाटेवरचा उजेड बदलतोय म्हणाला. मी उलथनं खाली ठेवलं आणि टाळ्या वाजवल्या.